गाणं उलटं वाजवू नका, सरळ ऐका

बीटल्सच्या १९६७ सालच्या 'सार्जंट पेपर्स' अल्बमचं मुखपृष्ठ मोठं करून पाहा. सगळ्यांत मागच्या रांगेत डावीकडून पहिले दिसतात ते श्रीयुक्तेश्वर गिरी, परमहंस योगानंदांचे गुरू. त्यांच्या शेजारी रोखून पाहणारा माणूस आहे ॲलिस्टर क्रोली, गूढविद्येसाठी गाजलेला इंग्रज. याच गर्दीत गांधीजीही होते, पण भारतात लोक दुखावतील या धास्तीने रेकॉर्ड कंपनीने त्यांना काढायला लावलं. बीटल्समधल्या जॉन लेननला येशूचंही चित्र हवं होतं; येशूबद्दलच्या त्याच्या विधानावरून आदल्याच वर्षी वादळ उठलेलं असल्याने ते टाळलं गेलं. क्रोली मात्र राहिला.

आपल्या ख्रिस्ती मंडळ्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर 'रॉक संगीतातला सैतान' या विषयाचे जे व्हिडिओ फिरतात, त्यांत सगळा भर लपवलेल्या गोष्टींवर असतो: गाणं उलटं वाजवलं की ऐकू येणारे शब्द, गुप्त खुणा, त्रिकोणातले डोळे, इलुमिनाटी. (मुळातली इलुमिनाटी ही गुप्त संघटना १ मे १७७६ ला बव्हेरियात निघाली आणि दहा वर्षांच्या आत तिथल्या शासकाने तिच्यावर बंदी घातली.) गूढविद्येचा आधुनिक संगीताशी संबंध आहे, यात शंका नाही. पण तो मुखपृष्ठावर छापलेला आहे, मुलाखतींत सांगितलेला आहे, प्लास्टिकवर कोरलेला आहे. ज्याला श्रद्धेच्या बाजूने त्याची पारख करायची आहे, त्याने आधी हे उघड साहित्य वाचावं.

क्रोली १८७५ मध्ये इंग्लंडमधल्या लेमिंग्टन इथे प्लिमथ ब्रदरन या ख्रिस्ती पंथाच्या अतिशय कडक घरात जन्मला. वडील प्रवचनं करत फिरत. आई चिडली की त्याला बायबलच्या प्रकटीकरण या पुस्तकातलं श्वापद म्हणायची आणि पुढे त्याने तीच पदवी मिरवली. १८९८ मध्ये तो 'गोल्डन डॉन' या गुप्त मंडळात शिरला. १८९९ मध्ये एक महिनोन्‌महिने चालणारा विधी करण्यासाठी त्याने स्कॉटलंडमध्ये लॉख नेस सरोवराकाठी बोलस्किन नावाचं घर घेतलं आणि विधी अर्धवट टाकला. एप्रिल १९०४ मध्ये कैरोत, ८, ९ आणि १० तारखेला रोज एक तास, एका आत्म्याने आपल्याला ग्रंथ सांगितला असा त्याचा दावा होता. त्या ग्रंथाचं सार एका ओळीत येतं: तुझी इच्छा असेल ते कर, हाच संपूर्ण नियम.

लेड झेपलिन या रॉक बँडचा गिटारवादक जिमी पेज याने हेच बोलस्किन घर १९७० च्या सुमारास विकत घेतलं आणि १९९२ पर्यंत ते त्याच्याकडे होतं. लंडनमध्ये त्याने गूढविद्येच्या पुस्तकांचं दुकानही काढलं होतं. १९७० च्या तिसऱ्या अल्बमच्या पहिल्या प्रतींवर, गाणी संपल्यानंतर लेबलच्या भोवती जो गुळगुळीत पट्टा उरतो त्यावर, क्रोलीचं 'तुझी इच्छा असेल ते कर' हे वचन हाताने कोरलेलं आहे. रेकॉर्ड उजेडात तिरकी धरली की दिसतं. १९८० मध्ये गायक ऑझी ऑझबोर्नने तर गाण्याच्या नावातच क्रोलीला साद घातली. शोधायला काहीच उरलेलं नाही.

आता शास्त्राकडे, म्हणजे बायबलकडे वळू. अनुवाद १८:१०-१२ मध्ये निषिद्ध गोष्टींची यादी आहे: लेकरांना अग्नीतून चालवणं, दैवप्रश्न, शकुन पाहणं, चेटूक, मंत्रतंत्र, भुताखेतांना विचारणं, मेलेल्यांचा सल्ला घेणं. ही सगळी कृत्यं आहेत. त्यांत एकही सूर नाही, ताल नाही, वाद्य नाही. प्रेषितांची कृत्ये १९:१९ मध्ये इफिसच्या लोकांनी जादूटोण्याची पुस्तकं जाळली. किंमत काढली तेव्हा ५०,००० चांदीची नाणी भरली, आणि एक नाणं म्हणजे साधारण मजुराची एका दिवसाची मजुरी. तिथे एक तपशील नेहमी निसटतो: त्यांनी स्वतःची पुस्तकं आणून जाळली. दुसऱ्याच्या घरातून कुणी काही ओढून आणलं नाही. करिंथकरांस पहिल्या पत्रात (१०:२५-२८) पौल बाजारातल्या मांसाबद्दल सांगतो ते तर थेट आपल्या कामाचं आहे. बाजारात विकतात ते चौकशी न करता खा; पण 'हे मूर्तीला वाहिलेलं आहे' असं कुणी सांगितलं तर त्याच्या विवेकासाठी खाऊ नका. म्हणजे वस्तूत विष नसतं, तिच्यासोबत जो हेतू आणि जी घोषणा येते तिला महत्त्व. माझ्या मते संगीतालाही हाच नियम लावावा.

गाणी उलटी वाजवण्याचं प्रकरण मात्र नीट उलगडून सांगायला हवं, कारण ते अजून मेलेलं नाही. एप्रिल १९८२ मध्ये कॅलिफोर्निया विधिमंडळाच्या एका समितीपुढे लेड झेपलिनचं १९७१ सालचं सर्वांत गाजलेलं गाणं उलटं वाजवून दाखवलं गेलं. १९८३ मध्ये आर्कान्साच्या विधिमंडळाने अशा रेकॉर्डवर इशारा छापायचा कायदा मंजूर केला. गव्हर्नर बिल क्लिंटन यांनी त्यावर सही केली नाही, तो परत पाठवला. १९९० मध्ये नेवाडातल्या रेनो शहरात ज्यूडास प्रीस्ट या बँडवर खटला चालला. दोन तरुणांच्या आत्मघाताला १९७८ च्या अल्बममध्ये दडवलेले 'डू इट' हे शब्द कारण ठरले, असा दावा होता. बँडच्या गायकाने आपलीच गाणी उलटी करून कोर्टात ऐकवली आणि त्यात पेपरमिंट मागितल्याचं वाक्य सापडतं हे दाखवलं. न्यायाधीशांचा निकाल बारकाईने वाचण्यासारखा आहे: तसा ध्वनी ऐकू येतो, पण तो गायकाचा उच्छ्वास आणि गिटारचा आवाज योगायोगाने एकत्र आल्यामुळे, तो मुद्दाम घातलेला नाही, आणि त्यामुळे मृत्यू झाला हेही सिद्ध झालेलं नाही.

उलट्या आवाजात शब्द का सापडतात? बोलणं उलटं केलं की 'स', 'श' जवळजवळ तसेच राहतात, कारण ते एकसारखे घासत जाणारे ध्वनी आहेत. लांब स्वरही फारसे बिघडत नाहीत. 'त', 'प', 'क' मात्र विचित्र होतात, कारण त्यांचा स्फोट आधी आणि थांबणं नंतर येतं. तरी सांगाडा टिकतो: 'तास' उलटा केला की 'सात'च्या जवळ जातो. आता 'कळेना त्यास' असं स्वच्छ बोलून रेकॉर्ड करा आणि उलटा. सुरुवातीलाच 'सायतान'सारखं काहीतरी ऐकू येईल. 'मिळेना त्यास', 'दिसेना त्यास' म्हटलं तरी तेच. जुन्या वळणाच्या मराठी पद्यात असे शब्द पावलोपावली येतात, मग ते भजन असो की भक्तिगीत. इंग्रजीतही न, त, स या क्रमाचे ध्वनी इतके वारंवार येतात की तासभराच्या कुठल्याही अल्बममध्ये, प्रवचनाच्या कॅसेटमध्येसुद्धा, दोनचार 'सैतान' भेटावेत.

खरोखर मुद्दाम उलटा घातलेला मजकूरही असतो. बीटल्सने १९६६ मध्ये एका गाण्याच्या शेवटी आवाज उलटा लावला. पिंक फ्लॉइडने १९७९ मध्ये गुप्त संदेश सापडल्याबद्दल श्रोत्याचं अभिनंदन करणारा मजकूर उलटा टाकला. दोन्ही प्रकार ओळखायची खूण एकच. मुद्दाम उलटा घातलेला मजकूर आधी सरळ बोलून मग टेप फिरवलेली असते. म्हणून नेहमीसारखं ऐकताना तो भाग निरर्थक बडबड वाटतो आणि उलटा केला की लख्ख कळतो. जी ओळ सरळ ऐकताना अर्थपूर्ण आहे, तिच्यातच उलटा स्पष्ट संदेशही बसवायचा, तर शब्द दोन्ही बाजूंनी जुळवावे लागतील. ते जवळपास अशक्य आहे. व्हिडिओंतले बहुतेक सगळे नमुने याच दुसऱ्या जातीचे असतात.

कुणाला शंका असेल तर स्वतः तपासता येतं. ऑडॅसिटी हे फुकट सॉफ्टवेअर घ्या. गाण्याची फाइल उघडून संशयित ओळीच्या मागेपुढे पाच-पाच सेकंद धरून तुकडा निवडा, इफेक्ट मेनूतून रिव्हर्स लावा आणि वेव्ह फाइल म्हणून साठवा. वेग आणि पट्टी बदलू नका. पुष्कळ व्हिडिओंत इथेच लबाडी असते, आवाज थोडा मंद केला की हवे ते शब्द बसतात. १९८० च्या दशकात तर लोक तबकडी बोटाने उलटी फिरवत. त्यात वेग सतत डुलायचा आणि सुईही खराब व्हायची. आता तुकडा चार-पाच जणांना वेगवेगळा ऐकवा, पण काय ऐकायचं ते सांगू नका, गाण्याचं नावही नको. प्रत्येकाला कागदावर लिहायला लावा. मग दुसरी फेरी: तीन वाक्यं द्या, एक व्हिडिओतलं आणि दोन तुम्ही बनवलेली, तितक्याच अक्षरांची आणि तेच स्वर असलेली, आणि क्रम प्रत्येकासाठी बदला. पहिल्या फेरीत बहुतेकांचा कागद कोरा राहतो किंवा प्रत्येकाचं उत्तर वेगळं येतं. दुसऱ्या फेरीत तुम्ही बनवलेलं वाक्यही कुणाला तरी 'स्पष्ट' ऐकू येतं. पडद्यावर आधी शब्द दाखवले की कान ते शब्द आवाजावर बसवतो, एवढाच त्या व्हिडिओंचा चमत्कार. कॅनडातल्या लेथब्रिज विद्यापीठातल्या व्होकी आणि रीड या मानसशास्त्रज्ञांनी १९८५ मध्ये हे पद्धतशीर तपासलं. उलट्या वाक्यांची पाच गटांत वाटणी करायला सांगितली: ख्रिस्ती, सैतानी, अश्लील, जाहिरात, बालगीत. डोळे मिटून वाटली असती तर २० टक्के बरोबर आली असती, लोकांची १९.४ टक्के आली. बोलणारा पुरुष की बाई हे मात्र त्यांना उलट्यातही ओळखता येत होतं.

दुसरा आवडता आरोप म्हणजे 'सैतानाचा सूर'. ब्लॅक सबाथ या इंग्लिश हेवी मेटल बँडचा पहिला अल्बम १३ फेब्रुवारी १९७० ला, शुक्रवारी, आला. पाऊस, मेघगर्जना, चर्चची घंटा आणि मग तीन सुरांची संथ चाल: जी, वरचा जी आणि सी शार्प. जी ते सी शार्प हे सहा अर्धस्वरांचं अंतर. मध्ययुगीन चर्चने ते सैतानाचं म्हणून बंद केलं होतं, असं ठोकून सांगितलं जातं. अशी बंदी सापडत नाही. जुने गायनशिक्षक ते टाळायला सांगत, कारण गळ्यातून नेमकं काढणं अवघड आणि समूहात कर्कश. त्याला सैतानाचं नाव देणारे ग्रंथ सापडतात ते १८ व्या शतकाच्या सुरुवातीचे. आपल्या भाषेत हे अंतर म्हणजे षड्ज आणि तीव्र मध्यम. तानपुऱ्यावर षड्ज घुमत असताना यमनात तीव्र मध्यम लागतो तेव्हा हाच 'सैतान' हजर असतो, आणि यमनात किती भक्तिरचना आहेत ते वेगळं सांगायला नको. चर्चच्या ऑर्गनवर कडवं संपताना शेवटच्या षड्जाआधी प-नी-रे-म असा कॉर्ड येतो, त्यातल्या म आणि नी यांच्यातही तेच अंतर आहे.

मग त्या चालीची भीती का वाटते? संथ गती, खालचा सूर, अपुरं राहिलेलं उत्तर आणि ती घंटा. शिवाय या संगीताच्या जडपणामागे एक यंत्र आहे. गिटारवादक टोनी आयोमी १७ वर्षांचा असताना बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं तुटली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात हाच. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून टोपणं केली, हलक्या तारा लावल्या, आणि १९७१ पर्यंत तारा तीन अर्धस्वर उतरवायला लागला, कारण ढिली तार दाबायला सोपी. हेवी मेटलच्या 'अंधाऱ्या' आवाजाचा बराचसा उगम त्या कारखान्यात आहे.

गंमत अशी, की गूढविद्येचा धागा या चालीत खरंच आहे, पण व्हिडिओवाल्यांना तो माहीत नाही. ही चाल सुचली कारण बँडचा बेसवादक गीझर बटलर हा गुस्ताव होल्स्ट या इंग्रज संगीतकाराच्या 'ग्रहमाले'तला मंगळ वाजवत बसायचा. होल्स्टने मंगळ १९१४ मध्ये रचला. त्याआधीच त्याला फलज्योतिषाचा नाद लागला होता, मित्रांच्या पत्रिका तो मांडायचा. ग्रहांची कल्पना त्याने घेतली ॲलन लिओ या इंग्रज ज्योतिषाच्या पुस्तकांतून. नेपच्यूनला 'गूढवादी' म्हणणं लिओचंच. लिओ हा गूढविद्येचा अभ्यास करणाऱ्या थिऑसॉफिकल सोसायटीचा सभासद. आणि ही सोसायटी १८७५ मध्ये न्यूयॉर्कला निघाली तरी तिची संस्थापक जोडी, ब्लाव्हाट्स्की बाई आणि कर्नल ऑलकॉट, १६ फेब्रुवारी १८७९ ला मुंबईत उतरली, गिरगावात राहिली, आणि त्यांचं मासिक ऑक्टोबर १८७९ मध्ये मुंबईतूनच सुरू झालं. १८८२ च्या अखेरीस बिऱ्हाड मद्रासजवळच्या अड्यारला गेलं. गूढविद्या या संगीतात शिरली ती अशी: मासिकांतून, पत्रिकांतून, सुशिक्षित लोकांच्या दिवाणखान्यांतून.

वाद्यं जुळवायचा 'ए' हा सूर ४४० हर्ट्झला लावला तर ती सैतानी पट्टी आणि ४३२ ला लावला तर दैवी, या दाव्याला दोन ओळी पुरेत. ४४० चा आंतरराष्ट्रीय करार १९३९ मध्ये लंडनच्या परिषदेत झाला, वाद्यवृंदांना एका पट्टीत यावं म्हणून. आपल्याकडे काळी एक, पांढरी चार असा गळ्याप्रमाणे षड्ज सरकतो. तिथे कुठला आकडा पवित्र धरणार?

चिन्हं पाहून न्याय केला की काय चुकतं, त्यालाही ब्लॅक सबाथच उदाहरण आहे. पहिल्या अल्बमच्या आतल्या पानावर उलटा क्रूस छापला तो रेकॉर्ड कंपनीने, बँडला न विचारता. बटलर आयरिश कॅथलिक घरातला. बँडचे लोक गळ्यात घालत ते सरळ क्रूस बँडचा गायक ऑझी याच्या वडिलांनी करून दिलेले होते, आणि १९७१ च्या अल्बममध्ये देवावरच्या विश्वासाची बाजू घेणारं गाणं आहे. १९८५ मध्ये अमेरिकेत पालकांच्या एका गटाने आक्षेपार्ह १५ गाण्यांची यादी केली. त्यात गूढविद्येसाठी वेगळी खूण होती आणि ती मिळाली मर्सिफुल फेट आणि व्हेनम या बँडना. व्हेनमची सैतानभक्ती ही मुख्यतः नाटकी वेशभूषा होती. पण त्यांच्याच १९८२ च्या अल्बमवरून ज्या प्रकाराला 'ब्लॅक मेटल' नाव पडलं, तो नॉर्वेत गेल्यावर काही तरुणांनी नाटक खरं मानलं. ६ जून १९९२ ला बर्गनजवळचं फांटॉफ्टचं लाकडी चर्च जळालं, बाराव्या शतकातलं. त्यानंतर आणखी कित्येक चर्च. १९९३ मध्ये एका वादकाने दुसऱ्याचा खून केला. तेव्हा 'हे सगळं नुसतं सोंग असतं' हेही पुरतं खरं नाही. सोंग कुठे संपलं हे आवाजावरून कळत नाही. माणसं काय करतात, काय करायला सांगतात, त्यावरून कळतं.

बाकी उरतो बाजार. २०२१ मध्ये रॅपर लिल नॅस एक्सच्या नावाने सैतानी बूट निघाले: ६६६ जोड, तळव्यात रक्ताचा थेंब, किंमत १,०१८ डॉलर. हा आकडा लूक १०:१८ वरून घेतलेला, सैतान आकाशातून विजेसारखा पडल्याचं वचन. ख्रिस्ती लोक चिडले, आणि त्या चिडण्याने फुकट जाहिरात झाली. प्रेषितांची कृत्ये १६ मध्ये फिलिप्पैतल्या दासीचं भविष्य सांगणं थांबलं तेव्हा तिच्या मालकांना राग आला तो मिळकत बुडाली म्हणून. लूकने हे मुद्दाम नोंदवलं आहे.

घरात पोरगं असलं काही ऐकत असेल तर आधी त्या गाण्याचे शब्द छापील स्वरूपात पूर्ण वाचा, मुखपृष्ठावर जाऊ नका. गाणारा कुणाच्या तोंडून बोलतो ते पाहा. सैतानाच्या तोंडी दिलेलं गाणं आणि सैतानाची आळवणी यांत फरक आहे. ईयोबाच्या पुस्तकातही सैतान बोलतो. मग पाहा, ऐकणाऱ्याला काही करायला सांगितलंय का: विधी, मंत्र, स्वतःला इजा. तसं असेल तर स्पष्ट नाही म्हणा आणि कारण सांगा. नुसती उदासी, राग, मृत्यूचा विचार असेल तर तो स्तोत्रांतही आहे. तिथे मोबाइल हिसकावण्याऐवजी पोराशी बोलायला हवं, आणि स्वतःला इजा करण्याची भाषा त्याच्या तोंडी आली तर त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यायला हवं.

भुतापासून 'मुक्ती'च्या नावाखाली पोराला बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं हे कुठेही होत असेल, प्रार्थनेच्या सभेतसुद्धा, तर तो महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे: सहा महिने ते सात वर्षं कैद आणि ५ हजार ते ५० हजार रुपये दंड.

आणि अनुवादातल्या यादीशी खरोखर जुळणारं काही घरात शोधायचं असेल तर गाण्यांच्या यादीआधी ॲप तपासा. रोज सकाळी 'आजचं कार्ड' दाखवणारं टॅरोचं, म्हणजे पत्त्यांवरून भविष्य सांगणारं ॲप, जन्मवेळ विचारून जोडी जुळवणारं ॲप, 'विश्वाकडे मागा' म्हणणाऱ्या रील्स. यांत गिटार नाही, उलटा क्रूस नाही, आवाजही मंजुळ असतो, म्हणून त्याबद्दल मंडळीत कुणी व्हिडिओ फिरवत नाही. मुलीचं लग्न ठरवताना गुपचूप पत्रिका दाखवून येणारी ख्रिस्ती घरंही याच यादीत बसतात.